अपवादाचे कलम : लंडन ते ड्रेस्डेन, नऊ दिवस

पहिला दिवस : गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५, लंडन

मुंबईत चौतीस वर्षे कायदा शिकवताना युद्धविषयक कायद्याच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी एकच वाक्य फळ्यावर लिहीत आलो. मार्च १९३३ मध्ये जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेपुढे ब्रिटनने जो मसुदा ठेवला, त्यातले ते वाक्य होते. विमानातून बॉम्ब टाकण्याची पद्धत जगातून पूर्णपणे बंद व्हावी, असे त्यात म्हटले होते. आणि लगेच कंसात लिहिले होते की, काही दूरवरच्या प्रदेशांतील पोलिसी कामापुरता याला अपवाद राहील. ते दूरवरचे प्रदेश म्हणजे इराक आणि आपली वायव्य सरहद्द, हे परिषदेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्या काळचे ब्रिटिश हवाई मंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी १९३५ मध्ये सरदारांच्या सभागृहात उघडपणे सांगितले की, मध्यपूर्वेच्या आणि हिंदुस्थानच्या सरहद्दीवर बॉम्बफेकी विमाने वापरण्याची मुभा टिकवून ठेवणे त्यांना फार जड गेले होते. दहा वर्षांनी त्याच युरोपातली शहरे एकामागून एक जळत होती. तो कंस आणि ती जळालेली शहरे यांच्यामध्ये काही नाते आहे का, हा प्रश्न निवृत्तीनंतर माझ्या मनात अधिकच रुतून बसला. हॅम्बुर्गमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने बोलावणे धाडले, तेव्हा लंडन, कॉव्हेंट्री, हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन असा मार्ग मी आखला.

सकाळी ग्रीन पार्कच्या कोपऱ्यावरचे बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, स्मारक पाहिले. राणी एलिझाबेथ यांनी २८ जून २०१२ रोजी, म्हणजे युद्ध संपून सदुसष्ट वर्षे झाल्यावर, त्याचे अनावरण केले. पांढऱ्या दगडाच्या खांबांमध्ये सात वैमानिकांचे ब्राँझचे पुतळे उभे आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर उघडे आहे. त्या छपरासाठी बेल्जियममध्ये कोसळलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचे ॲल्युमिनियम वापरले आहे. सुमारे सव्वा लाख जणांनी या दलात उड्डाणे केली, ते सारे स्वेच्छेने आलेले होते, आणि त्यांतले ५५,५७३ परतले नाहीत. पुतळ्यांच्या पायाशी कोणीतरी प्लॅस्टिकमध्ये घालून एक छायाचित्र ठेवले होते. त्यातल्या मुलाच्या ओठांवर मिसरूडही नीट फुटलेले नव्हते. शहरांवर बॉम्ब टाकण्याच्या ज्या धोरणाला मी चूक मानतो, ते पार पाडताना मेलेल्या या मुलापुढे उभे राहताना माझा राग कुठे जावा हे मला कळेना. तो राग त्याच्यावर नव्हता, एवढे मात्र त्या ठिकाणी स्पष्ट झाले. बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचेही हे स्मारक आहे, असे तिथे कोरले आहे. ते वाक्य मी दोनदा वाचले.

दुपारी स्ट्रँड रस्त्यावरच्या सेंट क्लेमंट डेन्स चर्चसमोर गेलो. तिथे बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांचा पुतळा आहे. ३१ मे १९९२ रोजी राजमातेच्या हस्ते त्याचे अनावरण होत असताना निदर्शकांनी आरडाओरडा केला, आणि पुढे पुतळ्यावर लाल रंगही ओतला गेला. मला मात्र पुतळ्यापेक्षा मागच्या भिंतीने अधिक वेळ थांबवून ठेवले. १० मे १९४१ च्या जर्मन हल्ल्यात हे चर्च आतून जळून गेले, आणि नंतर ते पुन्हा उभारताना बाहेरच्या दगडावरचे घाव तसेच ठेवण्यात आले. काही खड्डे माझी मूठ मावेल एवढे आहेत. म्हणजे शहरांवर बॉम्ब टाकण्याचा आदेश देणारा माणूस बॉम्बने ओरबाडलेल्या भिंतीसमोर उभा आहे, आणि त्या भिंतीत त्याची बाजू आणि त्याच्याविरुद्धची बाजू या दोन्ही लिहिलेल्या आहेत.

हॅरिस १९२१ मध्ये हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर, ३१ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते आणि तिथून ते इराकला गेले. फळ्यावरचा तो कंस त्यांच्यापुरता कागदावरचा नव्हता. ती त्यांची नोकरी होती. त्याच्याही आधी, जालियनवाला बागेच्या दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, पंजाबातल्या गुजरांवाला गावावर लाहोरहून आलेल्या विमानांनी बॉम्ब टाकले होते आणि मशीनगन चालवल्या होत्या. तिथल्या खालसा हायस्कूलच्या वसतिगृहाच्या आवारातही बॉम्ब पडला. पंजाबातल्या त्या दिवसांची चौकशी करणाऱ्या हंटर समितीत मुंबई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू सर चिमणलाल सेटलवाड होते. बॉम्बफेकीने उद्ध्वस्त झालेल्या स्पेनमधल्या गेर्निकाचे नाव युरोपला ठाऊक होण्याच्या अठरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दुसरा दिवस : शुक्रवार, ७ फेब्रुवारी, कॉव्हेंट्री

यूस्टन स्थानकातून निघालेल्या गाडीने तासाभरात कॉव्हेंट्री गाठली. शुक्रवार मुद्दाम निवडला होता, कारण दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता इथल्या भग्न कॅथीड्रलमध्ये समेटाची प्रार्थना म्हटली जाते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या चांदण्या रात्री पाचशेच्या वर जर्मन विमाने या शहरावर आली. कॉव्हेंट्रीत विमानांची इंजिने आणि यंत्रे बनवणारे कारखाने होते, आणि ते कामगारांच्या घरांना खेटून होते. त्यामुळे आपण लष्करी लक्ष्यावरच हल्ला केला, असे जर्मनीला म्हणता येत होते, आणि ते पूर्णपणे खोटेही नव्हते. त्या रात्री ५६८ माणसे मेली आणि मध्ययुगीन सेंट मायकल कॅथीड्रल जळाले. नाझींच्या प्रचारयंत्रणेने या शहराच्या नावावरून शहर बेचिराख करण्यासाठी एक क्रियापदच बनवले.

तांबूस दगडाच्या भिंती उभ्या आहेत, शिखर शाबूत आहे, आणि वर छप्पर नाही. पाऊस भुरभुरत होता. वेदीच्या जागी दोन जळक्या तुळयांचा क्रूस उभा आहे. जॉक फोर्ब्स नावाच्या गवंड्याला ढिगाऱ्यात दोन तुळया एकमेकींवर क्रूसासारख्या पडलेल्या दिसल्या आणि त्याने त्या तशाच बांधून उभ्या केल्या. मूळ क्रूस आता आत जपून ठेवला आहे, बाहेर आहे ती प्रतिकृती. छपराच्या मध्ययुगीन खिळ्यांपैकी तीन खिळे जोडून केलेला दुसरा एक क्रूस पुढे जगभर गेला. मागच्या भिंतीवर ‘पित्या, क्षमा कर’ एवढेच शब्द आहेत. कॅथीड्रलचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी ते कोरायला लावले. बायबलमध्ये क्रूसावरचा येशू ‘त्यांना क्षमा कर’ असे म्हणतो. हॉवर्ड यांनी ‘त्यांना’ हा शब्द गाळला. शत्रूला क्षमा करा असे म्हटले की आपण आपोआप न्यायासनावर बसतो. शब्द गाळताच सगळेच, म्हणणाऱ्यासकट, खाली आरोपीच्या जागी येऊन उभे राहतात.

प्रार्थनेला आम्ही चौदाजण होतो. सातेक मिनिटांत ती आटोपली. राष्ट्रांतला आणि वंशांतला द्वेष, दुसऱ्याच्या मालकीचे हिसकावण्याची लालसा, अशी एकेक ओळ वाचली जाई आणि प्रत्येक ओळीनंतर सगळे तेच दोन शब्द म्हणत. मी ख्रिस्ती नाही, पण गप्प उभे राहणे मला उद्धटपणाचे वाटले, म्हणून मीही ते म्हटले.

हॉवर्ड यांनी १९४० च्या नाताळच्या दिवशी याच भग्नावशेषांतून रेडिओवर बोलताना सूडाचे विचार मनातून काढून टाकण्याचा प्रयत्न करू, असे देशाला सांगितले होते. हल्ल्याला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. त्या काळातल्या लोकमताच्या चाचण्यांत एक गोष्ट दिसली होती, आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते : जर्मन नागरी वस्त्यांवर तसेच हल्ले करा, ही मागणी मार खाल्लेल्या लंडनपेक्षा ज्यांच्यावर बॉम्ब पडलेच नव्हते अशा उत्तरेकडच्या ग्रामीण भागांत जास्त होती. ज्यांनी ढिगाऱ्यातून शेजाऱ्याचे प्रेत काढले होते, त्यांना दुसऱ्या देशात तसेच ढिगारे व्हावेत याची तितकीशी ओढ नव्हती. याउलट ब्रिटिश हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी कॉव्हेंट्रीचा अभ्यास केला तो वेगळ्याच कारणासाठी. एकाच ठिकाणी आगलावे बॉम्ब दाटीने टाकले की शहर कसे पेटते, हे त्यांनी या शहराच्या राखेतून शिकून घेतले.

बाजूला बेसिल स्पेन्स यांनी बांधलेले नवे कॅथीड्रल आहे. मे १९६२ मध्ये त्याच्या उद्घाटनासाठी बेंजामिन ब्रिटन यांनी रचलेल्या युद्ध-शोकगीताच्या पहिल्या प्रयोगात एक इंग्रज आणि एक जर्मन गायक शेजारी उभे राहून गायले. तिसऱ्या, रशियन गायिकेला तिच्या सरकारने येऊ दिले नाही. शोक एकत्र करायलाही सरकारची परवानगी लागते.

तिसरा दिवस : शनिवार, ८ फेब्रुवारी, लंडन

दिवसभर वाचन केले, म्हणून प्रवास असा नाही. ऑगस्ट १९४१ च्या बट अहवालाची टिपणे पुन्हा काढली. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचा दावा करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचत होती, असे त्या अहवालाने छायाचित्रांवरून दाखवून दिले. यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. अचूक मारता येत नसेल तर हे हल्ले आवरावेत, हा एक. आणि ज्याला चुकणेच शक्य नाही एवढे मोठे लक्ष्य निवडावे, हा दुसरा. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने दुसरा निष्कर्ष स्वीकारला आणि शत्रूच्या नागरी जनतेचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे लक्ष्य ठरवले. पुढच्याच महिन्यात चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी किती बॉम्बांमध्ये किती जर्मन बेघर होतील याचे गणित मांडले. कागदावर ‘बेघर करणे’ हाच शब्द होता. घरात त्या वेळी माणसे असतात, याचा त्या गणितात रकाना नव्हता.

त्या वेळी ब्रिटनजवळ जर्मनीच्या भूमीवर पोहोचणारे दुसरे शस्त्रच नव्हते, आणि समोर हिटलर होता, हे मी विसरलेलो नाही. १९४२ च्या लंडनमध्ये निर्णय घेणाऱ्यांच्या जागी मी नव्हतो. पण त्याच लंडनमध्ये, त्याच अंधारात राहून, वेगळे बोलणारी माणसेही होती.

चौथा दिवस : रविवार, ९ फेब्रुवारी, लंडन ते हॅम्बुर्ग

विमान संध्याकाळचे होते, म्हणून सकाळी वेस्टमिन्स्टरच्या पुलावर गेलो. तारीख ९ फेब्रुवारी होती. १९४४ साली याच तारखेला चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल सरदारांच्या सभागृहात उभे राहिले आणि सरकार जर्मन शहरे जाळण्याचे जे धोरण चालवत आहे त्याचे समर्थन कसे करते, असे त्यांनी विचारले. बेल हे नाझीविरोधी जर्मन पाद्री बोनहॉफर यांचे मित्र होते आणि जर्मनीतून पळून आलेल्यांना आसरा मिळावा म्हणून ते १९३३ पासून झटत होते, त्यामुळे शत्रूचा कळवळा असल्याचा आरोप त्यांच्यावर चिकटणे शक्य नव्हते. कारखाने, बंदरे, रेल्वे यांवर हल्ला करताना नागरिक मरतात, ते वेगळे, असे त्यांनी मान्य केले. पण सगळे शहरच लक्ष्य धरले की भेद उरतो कुठे, असा त्यांचा प्रश्न होता. मित्रराष्ट्रांच्या ध्वजावर ठळकपणे लिहिलेला शब्द ‘कायदा’ आहे आणि बळ कायद्याच्या ताब्यात राहिले पाहिजे, असे ते म्हणाले.

त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशपपद रिकामे झाले, ते बेल यांना मिळाले नाही, आणि या भाषणाची ती किंमत होती असे अनेक अभ्यासक मानतात. मला त्यांच्या भाषणातला विवेक जितका मोलाचा वाटतो, तितकीच त्याची तारीखही मोलाची वाटते. युद्ध संपल्यावर पश्चात्ताप करणे सोपे असते. बेल बोलले तेव्हा लंडनवर नव्याने जर्मन हल्ले सुरू झाले होते.

पाचवा दिवस : सोमवार, १० फेब्रुवारी, हॅम्बुर्ग

भाचीने आज रजा घेतली होती. सेंट निकोलाईच्या जळक्या मनोऱ्यापाशी पोहोचलो तेव्हा ती म्हणाली, “मामा, हा मनोरा कुणी बांधला ते ओळख बघू.” मला सांगता येईना. मनोरा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आहे, हे तिने सांगितले आणि मी काही क्षण तसाच उभा राहिलो. मुंबईचा राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचे दीक्षांत सभागृह यांचे आराखडे लंडनमध्ये बसून करणारे, मुंबईला कधीही न आलेले तेच हे स्कॉट. चौतीस वर्षे ज्या मनोऱ्याच्या घड्याळावर मी तास सुरू केले आणि संपवले, त्याचा हा थोरला भाऊ माझ्यासमोर काळाठिक्कर उभा होता. १८७४ ते १८७६ अशी दोन वर्षे ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. तिची उंची १४७ मीटर आहे, आणि त्या उंचीमुळेच १९४३ मध्ये ब्रिटिश वैमानिकांना दिशा धरण्यासाठी तिचा उपयोग झाला. इंग्रज वास्तुशिल्पीच्या मनोऱ्याने इंग्रज विमानांना जर्मन शहर दाखवले.

या मोहिमेला ‘गोमोरा’ हे नाव दिले होते. बायबलमध्ये देवाने अग्नीच्या वर्षावाने नष्ट केलेल्या नगरीचे हे नाव आहे. मोहीम २४ जुलै ते ३ ऑगस्ट १९४३ चालली. रात्री ब्रिटिश विमाने येत, आणि दिवसा काही वेळा अमेरिकी. रडारला फसवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या कागदाच्या पट्ट्या आकाशातून पहिल्यांदा इथेच सोडल्या गेल्या. २७ जुलैच्या रात्री हवा उष्ण आणि कोरडी होती. हजारो छोट्या आगी मिळून एकच आग झाली, तिने चहूकडून हवा आत ओढली, आणि वादळी वेगाचा वारा गल्ल्यांतून आगीकडे धावू लागला. रस्त्याचे डांबर वितळले. तळघरांत लपलेली बहुतेक माणसे भाजून नव्हे, तर विषारी वायूने आणि हवेअभावी गेली. अवघ्या दहा दिवसांत सुमारे ३४ ते ४० हजार माणसे मेली आणि नऊ लाखांच्या आसपास लोक शहर सोडून गेले.

तळघरातल्या संग्रहालयात एका काचेच्या पेटीत बाटल्यांचा एक गोळा ठेवला आहे. पाचसहा बाटल्या असाव्यात. त्या वितळून एकमेकींत शिरल्या आहेत, एकीची मान दुसरीच्या पोटात गेली आहे, आणि एका ठिकाणी हिरवी काच अजून स्वच्छ चमकते. भाची तिथून हलेना. तिला तिसरा महिना लागला आहे, हे मला त्यानंतर थोड्या वेळाने, बाहेरच्या बाकावर बसल्यावर कळले.

या संग्रहालयाचा प्रामाणिकपणा असा की, हॅम्बुर्गच्या आधी ते वॉर्सा आणि कॉव्हेंट्री दाखवते. जर्मनांनी काय केले ते आधी, आणि जर्मनांचे काय झाले ते नंतर. त्यामुळे दुःख कमी होत नाही. ते फक्त इतरांच्या दुःखाशेजारी येऊन बसते.

सहावा दिवस : मंगळवार, ११ फेब्रुवारी, हॅम्बुर्ग

सकाळी हामरब्रूक. युद्धापूर्वी गोदी कामगारांच्या दाट चाळींचा हा भाग होता. आगीच्या वादळानंतर इथे राहण्यासारखे काही उरलेच नाही, म्हणून भाग बंद करण्यात आला. आज तिथे कचेऱ्या आहेत आणि संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस पडतात. शेजारच्या रोटेनबुर्ग्सओर्टमध्ये बुलेनहुजर डाम नावाच्या रस्त्यावर एक शाळा आहे. या हल्ल्यांत परिसर उजाड झाला म्हणून ती शाळा ओस पडली, मग तिथे छळछावणीची शाखा आली, आणि २० एप्रिल १९४५ च्या रात्री, ज्यांच्यावर क्षयाचे प्रयोग केले होते अशा वीस ज्यू मुलांना तिथे फाशी दिली गेली. बॉम्बखाली मेलेल्या मुलांचा आणि त्या वीस मुलांचा मोहल्ला एकच आहे. एकाचे दुःख दुसऱ्याच्या पारड्यात टाकून हिशेब मिटवू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्या फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.

दुपारी ओल्सडोर्फची विस्तीर्ण दफनभूमी. सुमारे ३७,००० मृतांना क्रूसाच्या आकाराच्या सामुदायिक कबरीत पुरले आहे. माणसांची नावे नाहीत. जाड ओक लाकडाच्या तुळयांवर मोहल्ल्यांची नावे कोरली आहेत : हामरब्रूक, रोटेनबुर्ग्सओर्ट, हाम. आम्ही सकाळी ज्या रस्त्यांवरून चाललो, तेच रस्ते इथे गवताखाली होते.

रस्त्याच्या प्रत्येक खांबावर निवडणुकीचे फलक होते, कारण २३ फेब्रुवारीला मतदान होते. युक्रेनला लांब पल्ल्याची टाउरुस क्षेपणास्त्रे द्यावीत की नाहीत, यावर पक्ष भांडत होते. चान्सेलर शोल्त्स नको म्हणत होते आणि विरोधी पक्षनेते मेर्त्स यांचा कल देण्याकडे होता. भाचीच्या कचेरीत खार्किवहून आलेली एक सहकारी आहे. तिच्या आईच्या इमारतीचा जिना क्षेपणास्त्राने कोसळला, असे भाचीने सांगितले. शांतता हवी असे लिहिलेल्या फलकाखालून ती बाई रोज कामावर जाते, आणि तो फलक तिला आपल्याविरुद्ध वाटतो.

सातवा दिवस : बुधवार, १२ फेब्रुवारी, हॅम्बुर्ग ते ड्रेस्डेन

भाचीसोबत बर्लिनमार्गे साडेचार तासांचा रेल्वेप्रवास. बाहेर सपाट शेते आणि पवनचक्क्या, सांगण्यासारखे दुसरे काही नाही. वाटेत योश्का फिशर यांचा विचार करत होतो. १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली आणि जर्मन विमाने दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदा युद्धात उतरली, तेव्हा ग्रीन पक्षाचे फिशर परराष्ट्रमंत्री होते. ‘पुन्हा युद्ध नको’ हे त्या पक्षाचे ब्रीद. फिशर यांनी त्याच्याशेजारी ‘पुन्हा आउश्वित्झ नको’ हे दुसरे ब्रीद उभे केले. बीलेफेल्डच्या अधिवेशनात १३ मे १९९९ रोजी युद्धाला विरोध करणाऱ्या कोणीतरी लाल रंगाची पिशवी त्यांच्या कानावर फेकली आणि त्यांच्या कानाचा पडदा दुखावला. हॅरिस यांच्या पुतळ्यावर पडलेला रंगही लाल होता. कोसोव्होतल्या लोकांना वाचवायचे होते, हे खरे होते. आणि २३ एप्रिलच्या रात्री बेलग्रेडच्या दूरचित्रवाणी केंद्रावर नाटोने टाकलेल्या बॉम्बने तिथले १६ कर्मचारी मेले, हेही खरे होते. पहिल्या सत्याने दुसरे पुसले जाते, हे मला कधीच पटलेले नाही.

आठवा दिवस : गुरुवार, १३ फेब्रुवारी, ड्रेस्डेन

आज ऐंशी वर्षे झाली. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री दोन लाटांत सुमारे पावणेआठशे ब्रिटिश विमाने इथे आली, आणि पुढच्या दोन दिवसांत अमेरिकी. शहर पूर्वेकडून पळून आलेल्या निर्वासितांनी भरलेले होते. आल्टमार्क्ट चौकात फरशीत बसवलेला मजकूर सांगतो की, इथे ६,८६५ प्रेते जाळली गेली. सकाळी त्यावर चार गुलाब होते.

एकूण मृत किती, यावर इथे राजकारण उभे आहे. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने सहा वर्षे काम करून २०१० मध्ये सांगितले की, जास्तीत जास्त २५,००० माणसे मेली. नाझींच्या प्रचाराने युद्धकाळातच हा आकडा दहापट केला होता, आणि तो फुगवलेला आकडा आजही मोर्च्यांच्या फलकांवर असतो. २००५ मध्ये अतिउजव्या एनपीडी पक्षाने सॅक्सनीच्या विधानसभेत या हल्ल्याला ज्यूसंहाराच्या पंक्तीला बसवणारा शब्द वापरला. जानेवारी २०१७ मध्ये याच शहरात एएफडी पक्षाचे ब्योर्न होके यांनी जर्मनीने स्मरणाची दिशा पार उलटी फिरवावी, असे भाषण केले. पंचवीस हजार माणसे जळून मेली, हे पुरेसे भयंकर नाही का? आकडा फुगवणाऱ्याला मेलेल्यांबद्दल काही वाटत असते, यावर माझा विश्वास नाही. त्याला फक्त तराजूत टाकायला वजन हवे असते.

आणि इथेच व्हिक्टर क्लेम्परर यांची आठवण ठेवावी लागते. ज्यू भाषापंडित, पत्नी ज्यू नसल्यामुळे तोवर वाचलेले. १३ फेब्रुवारीच्या त्याच दिवशी शहरात उरलेल्या ज्यूंना, तीन दिवसांनी हद्दपारीसाठी हजर व्हावे, अशा नोटिसा त्यांना घरोघर वाटायला लावले होते. रात्री बॉम्ब पडले, गेस्टापोची, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांची, कागदपत्रे आणि पहारा सगळे गोंधळात गेले, क्लेम्परर यांनी ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा कोटावरचा पिवळा तारा काढला आणि ते वाचले. नागरी वस्तीवर बॉम्ब टाकणे चूक होते असे म्हणताना, या बॉम्बांमुळे जगलेल्या माणसाला काय सांगायचे? माझ्याजवळ उत्तर नाही. चर्चिल यांनीही २८ मार्च १९४५ च्या टिपणात, इतर सबबींखाली केवळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर होणाऱ्या बॉम्बफेकीचा फेरविचार करावा, असे लिहिले. हवाई दलाच्या प्रमुखांनी आक्षेप घेतल्यावर त्यांनी ते टिपण मागे घेऊन सौम्य केले. विजयानंतरच्या त्यांच्या भाषणात बॉम्बर कमांडचे नाव जेमतेम आले. ग्रीन पार्कमधल्या त्या मुलाने ज्यांचे आदेश पाळले, त्यांनीच त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मानवी साखळीत उभा राहिलो. उजव्या-अतिरेक्यांना हा दिवस बळकावता येऊ नये म्हणून २०१० पासून हजारो लोक जुन्या शहराभोवती हात धरून उभे राहतात. माझा डावा हात एका वृद्ध बाईंच्या लोकरी हातमोज्यात होता. त्या तेव्हा चार वर्षांच्या होत्या. “आई म्हणायची, विमानांना दोष देण्याआधी आम्ही १९३३ मध्ये काय केले ते विचारा,” असे त्या म्हणाल्या. भाचीने भाषांतर करून सांगितले. मग त्यांनी स्वतःहून जोडले, “पण माझा भाऊ तेव्हा पाळण्यात होता.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री पावणेदहाला सगळ्या चर्चच्या घंटा एकदम वाजू लागल्या, कारण ती पहिल्या हल्ल्याची वेळ. फ्राउएनकिर्खे या चर्चच्या चौकात मेणबत्त्या होत्या. २०१७ मध्ये याच चौकात सीरियन-जर्मन कलावंत मनाफ हल्बौनी यांनी तीन बस उभ्या खांबांसारख्या रोवल्या होत्या. अलेप्पोत नेमबाजांपासून बचावासाठी लोकांनी तशाच बस उभ्या केल्या होत्या. ड्रेस्डेनच्या दुःखाशेजारी अलेप्पो कशाला, म्हणून तेव्हा इथे घोषणा देण्यात आल्या होत्या.

नववा दिवस : शुक्रवार, १४ फेब्रुवारी, ड्रेस्डेन

बारा वाजता फ्राउएनकिर्खेत प्रार्थना होती, तीच, कॉव्हेंट्रीची. १५ फेब्रुवारी १९४५ ला कोसळलेले हे चर्च २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. जुने काळे दगड नव्या पिवळसर दगडांमध्ये जिथल्या तिथे बसवले आहेत. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या ॲलन स्मिथ यांनी घडवला. त्यांचे वडील त्या रात्रीच्या एका ब्रिटिश विमानाचे वैमानिक होते. ढिगाऱ्यात सापडलेला जुना क्रूस आत ठेवला आहे, वाकलेला आणि पिळवटलेला. आज जर्मन शब्दांत मी तेच दोन शब्द म्हटले.

दुपारी लष्करी इतिहासाच्या संग्रहालयात गेलो. डॅनियल लिबेस्किंड यांनी जुन्या शस्त्रागारात पोलादी पाचर घुसवावी तसा नवा भाग बांधला आहे. वरच्या मजल्यावर तीन शहरांच्या रस्त्यांवरची फरसबंदी मांडली आहे : १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन विमानांनी उद्ध्वस्त केलेले पोलंडमधले व्हिएलुन, १४ मे १९४० चे रॉटरडॅम, आणि शेवटी ड्रेस्डेन. क्रमाला महत्त्व आहे आणि जर्मन सैन्याच्याच संग्रहालयाने तो क्रम लावला आहे, याचा मला मनापासून आदर वाटतो. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात मात्र शहरांवरच्या बॉम्बफेकीसाठी कोणालाही जबाबदार धरले गेले नाही, कारण तो आरोप विजेत्यांच्या अंगावर उलटला असता. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने अखेर एखादे शहर सरसकट लक्ष्य धरण्यास बंदी केली, आणि त्यात कंस नव्हता. कंस आता व्यवहारात असतो. युक्रेनच्या वीजकेंद्रांवरील हल्ल्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२४ मध्ये रशियन सेनाधिकाऱ्यांविरुद्ध वॉरंट काढले, तेव्हा युरोपीय राजधान्यांनी त्याचे स्वागत केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गाझाबाबत इस्रायलच्या पंतप्रधानांविरुद्ध वॉरंट निघाले, तेव्हा फ्रान्सने त्यांना संरक्षण असल्याचे म्हटले आणि हंगेरीने त्यांना भेटीचे निमंत्रण दिले.

बाहेर पडण्याच्या दाराशी अभिप्रायाची वही होती. वरच्या पानांवर पोलिश, इंग्रजी आणि जर्मन मजकूर होता, आणि एका लहान मुलाने विमान काढून त्यावर फुली मारली होती. मी पेन उचलले आणि मराठीत लिहिले : ‘गुजरांवाला, १४ एप्रिल १९१९. खालसा हायस्कूलचे वसतिगृह.’ भाचीने विचारले, “हे इथे कोण वाचणार, मामा?” मी तिला खाली त्याचे जर्मन भाषांतर लिहायला सांगितले, आणि तिने ते सावकाश, एकेक अक्षर नीट काढत लिहिले.